पुढची होडी, मागची होडी

आमच्या नौकामंडळाचे नाव महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर अनेकांनी वाचले असेल. पण हे मंडळ नेमके काय करते याची चौकशी करायला येणारे बोटांवर मोजण्याइतकेच. जे येतात त्यांचे दोन ठरावीक प्रश्न असतात. पहिला, "पोहता येत नसेल तर चालेल का?" दुसरा, "नदी आपोआपच खाली वाहते. मग होडीत बसून वाहत जाण्यात शिकण्यासारखे काय आहे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते : नाही. आधी पोहायला शिकावे, मग यावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही नऊ जण कुंडलिका नदीतून एका दिवसाच्या सहलीला गेलो होतो. त्या सहलीच्या आधाराने ते उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम होड्यांविषयी. 'कयाक' आणि 'कनू' ही दोन नावे पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. पण या दोन होड्यांची कुळे वेगळी आहेत. कयाक ही उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करायचा, त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे, आणि माणसाच्या कमरेपुरते एक भोक ठेवायचे. बर्फासारखे पाणी आत येऊ नये म्हणून ती वरूनही बंद असते. कयाकमध्ये पाय पुढे लांब करून बसतात आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने मारतात. कनू वरून उघडी असते. हा शब्द कॅरिबियन बेटांवरील लोकांकडून स्पॅनिश भाषेत आणि तेथून इंग्रजीत आला. एका झाडाचे खोड कोरून केलेली होडी हा त्याचा मूळ अर्थ. उत्तर अमेरिकेतील आदिवासी हीच होडी भूर्ज वृक्षाच्या सालीची करीत, म्हणजे वाटेत धबधबा आला की ती खांद्यावर घेऊन चालता येई. कनूत गुडघे टेकून बसतात आणि वल्ह्याला पाते एकच असते.

युरोपात या होड्यांचा खेळ झाला तो एकोणिसाव्या शतकात. जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश वकिलाने १८६५ साली ओक लाकडाची, सुमारे पंधरा फूट लांबीची 'रॉब रॉय' ही होडी घेऊन युरोपातील नद्यांतून व सरोवरांतून एकट्याने प्रवास केला. दुसऱ्या वर्षी त्याने त्यावर पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी, १८६६ मध्ये, लंडनला एक क्लबही काढला. हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. एकट्याने प्रवास करून नावारूपाला आलेल्या माणसाला पहिले काम सुचले ते सोबती जमवण्याचे! १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा खेळ अधिकृतपणे आला. खवळलेल्या पाण्यातील शर्यत, म्हणजे स्लालम, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये प्रथम झाली. ती आउग्सबुर्ग येथे खास बांधलेल्या कालव्यात घेतली होती. म्हणजे माणसाने बांधलेल्या पात्रात, माणसाने सोडलेल्या पाण्यावर. हे लक्षात ठेवावे, कारण आमच्या कुंडलिकेचीही गोष्ट थोडीफार अशीच आहे.

कोकणातील नद्यांचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात त्या दोन्ही काठ भरून धावतात आणि शिमग्यापर्यंत त्यांच्या पात्रात नुसते गोटे उरतात. कुंडलिका याला अपवाद आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, भिऱ्याच्या परिसरात उगम पावून ती कोलाड, रोहा अशी वाहत जाते आणि रेवदंड्याला, कोर्लईच्या किल्ल्यासमोर, समुद्राला मिळते. डोंगरातून समुद्रापर्यंतचा हा प्रवास अगदी आखूड. अशी नदी जानेवारीत कोरडी पडायला हवी. पण तिच्यात पाणी असते, कारण ते पाणी तिचे स्वतःचे नसते.

ते पाणी येते घाटमाथ्यावरून, मुळशीच्या धरणातून. मुळा नदी सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेकडे, पुण्याकडे वाहते. पुण्याला तिला मुठा भेटते, पुढे ते पाणी भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. मुळशीजवळ या नदीला बांध घालून तिचे पाणी पश्चिमेकडे वळवले आणि बोगद्यांतून व नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, कोकणात भिरा येथे पाडले. त्या पाण्याच्या जोरावर १९२७ पासून भिऱ्याला वीज तयार होते आणि ती मुंबईकडे जाते. जनित्रे फिरवून झाली की पाणी मोकळे होते, खाली रवाळज्याच्या धरणात अडते आणि तेथून कुंडलिकेत सोडले जाते. बंगालच्या उपसागराला जायचे पाणी अशा रीतीने अरबी समुद्राला जाते. भूगोलाच्या तासाला जलविभाजक म्हणजे काय ते आम्ही पाठ केले होते. जलविभाजक ओलांडून आलेल्या पाण्यावर प्रत्यक्ष बसण्याचा प्रसंग मात्र हा पहिलाच.

पुण्याहून कोलाडला ताम्हिणी घाटाने जाताना रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठाने जातो. आम्ही पहाटे साडेचारला निघालो होतो, त्यामुळे जाताना जलाशय दिसला नाही. नुसता गारठा आत आला आणि सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मग घाट लागला. पाणी ज्या उंचीवरून नळातून सरळ खाली येते, तीच उंची आमची गाडी वळणे घेत, कण्हत उतरत होती.

पाणी सोडले जाते ते सकाळी, आणि तेही काही तासच. नदीवरच्या साऱ्या हालचाली या वेळेला बांधलेल्या असतात. पाणी येण्यापूर्वी काठावर उभे राहिले तर समोर दिसतात ते ओले गोटे आणि मधूनच साचलेली डबकी. मग वरच्या बाजूने एक गंभीर आवाज येऊ लागतो आणि पाहता पाहता गोटे बुडतात, पात्र भरते आणि नदी धावू लागते. नदी 'सुरू' होताना मी यापूर्वी कधी पाहिली नव्हती. हे दृश्य कितीही मोहक असले तरी ते धोक्याचेही आहे. कोरड्या पात्रात मधल्या खडकावर डबा खात बसणाऱ्या माणसाला हे पाणी पळायला फार वेळ देत नाही. म्हणून धरणाखालच्या कोणत्याही नदीत उतरण्यापूर्वी पाणी सुटण्याची वेळ स्थानिक माणसांना विचारावी, हा पहिला धडा.

आमचा ताफा असा होता : एकेकट्याच्या सात कयाक आणि दोघांची एक कनू. कनूत पुढे मी आणि मागे इतिहास विभागातील माझी एक मैत्रीण. शिवाय नदीकाठच्या गावातले दोन तरुण त्यांची हवा भरलेली मोठी रबरी होडी, म्हणजे राफ्ट, घेऊन मदतीसाठी सर्वांच्या शेवटी येणार होते. नदीतून होडी नेण्याजोगा हा भाग सुमारे बारा किलोमीटरचा. नद्यांच्या अवघडपणाच्या एक ते सहा अशा श्रेणी मानतात. एक म्हणजे जवळजवळ संथ पाणी आणि सहा म्हणजे जेथे निष्णात माणसाच्याही जिवाला धोका आहे ते पाणी. कुंडलिकेचा हा भाग दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत मोडतो. वर्षभर तलावात सराव केलेल्यांना तो झेपण्यासारखा आहे. पण बेसावध राहण्यासारखा नाही.

आता वाहते पाणी 'वाचायचे' कसे ते सांगते. पाण्याला अक्षरे असतात. खळाळाच्या तोंडाशी पाणी कधी कधी गुळगुळीत, काचेसारखे होऊन एका टोकदार जिभेच्या आकाराचे दिसते. जिभेचे टोक खालच्या दिशेला असेल तर तो दोन खडकांमधला मोकळा रस्ता समजावा. टोक आपल्याकडे, म्हणजे वरच्या दिशेला असेल, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक आहे. दुसरे अक्षर म्हणजे खडकाच्या मागची जागा. पाणी खडकाला वळसा घालून जाते तेव्हा त्याच्या पाठीमागे एक पोकळी राहते, ती भरण्यासाठी थोडे पाणी उलटे, वरच्या दिशेने येते. इंग्रजीत याला 'एडी' म्हणतात. आमच्या मंडळात 'आडोसा' हा शब्द रूढ झाला आहे, आणि तोच मला अधिक आवडतो. धावत्या नदीच्या ऐन मध्यावर होडी थांबवून श्वास घेता येतो तो या आडोशात. नवखा माणूस खडक पाहून घाबरतो. जाणता माणूस त्याच खडकामागे विसावा घेतो.

तिसरे अक्षर काठावरचे. पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जाते. माणूस जात नाही, गाळणीत चहापत्ती अडकावी तसा तो अडकतो. दुरून निरुपद्रवी वाटणारे हे झाड खडकापेक्षा घातकी. बंधाऱ्यांचेही तसेच. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरत राहते आणि आत गेलेली वस्तू पुन्हा पुन्हा आत ओढते. बंधारा दिसला की होडी काठाला लावावी आणि उचलून चालत पलीकडे न्यावी. त्यात काडीचाही कमीपणा नाही.

पाण्याचा जोर किती असतो याची आपल्याला सहसा कल्पना नसते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो. एखादी कयाक पाण्याने भरली तर दोनशे किलोहून अधिक वजनाचे धूड तयार होते आणि ते नदीच्या वेगाने चाललेले असते. अशा होडीच्या आणि खडकाच्या मध्ये माणूस सापडता कामा नये. म्हणून होडी उलटली तर होडीच्या वरच्या बाजूला राहावे, खालच्या बाजूला कधीही नाही. आणि धावत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, पाणी कमरेएवढेच असले तरी. तळच्या दोन गोट्यांत पाऊल अडकले तर पाण्याचा रेटा माणसाला पुढे पाडतो आणि मग उठू देत नाही. त्याऐवजी उताणे व्हावे, पाय खालच्या दिशेला व पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवावे आणि हातांनी काठाकडे सरकत जावे. डोक्याला शिरस्त्राण आणि अंगात घट्ट बांधलेले लाइफ जॅकेट असतेच. ते नसेल त्याला होडीत बसू देत नाहीत, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो.

हे सर्व प्रत्येकाने स्वतःसाठी शिकायचे. याहून महत्त्वाचे शिक्षण आहे ते ताफ्याने जाण्याचे. त्याचे नियम मोजकेच आहेत. सर्वांच्या पुढे एक अनुभवी होडी. तिला कोणी ओलांडायचे नाही. सर्वांच्या मागे दुसरी अनुभवी होडी. तिच्या मागे कोणी राहायचे नाही. मधल्या प्रत्येकाने आपल्या मागच्या होडीकडे लक्ष ठेवायचे. ती दिसेनाशी झाली की आडोसा गाठून थांबायचे. तो थांबला की त्याच्या पुढचा थांबतो, आणि अशा रीतीने एकही हाक न मारता सगळा ताफा थांबतो. पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येतच नाहीत, म्हणून खुणा वल्ह्याने करतात. वल्हे उभे धरले म्हणजे 'रस्ता मोकळा, या'. दोन्ही हातांनी डोक्यावर आडवे धरले म्हणजे 'थांबा'. वल्हे एका बाजूला झुकवले म्हणजे 'या बाजूने या'. यात एक बारकावा आहे : खूण नेहमी सुरक्षित बाजूकडे करायची, धोक्याकडे कधीही नाही. बोट दाखवले की माणूस तिकडेच जातो! आणि शिट्टी तीनदा वाजली की संकट.

'मागच्याकडे लक्ष ठेवायचे' हा नियम ऐकायला सोपा आहे. पण त्यावरूनच सहलीच्या आधीच्या बैठकीत चांगलाच वाद झाला होता. आमच्यात तत्त्वज्ञानाचा एक विद्यार्थी आहे. त्याचे वल्हे मारणे त्याच्या बोलण्यासारखेच, सावकाश. त्याला राफ्टमध्ये बसवावे, अशी सूचना आली. सूचना करणारा अर्थशास्त्राचा, आमच्यातील सर्वांत वेगवान गडी. त्याचा मुद्दा खोटाही नव्हता. पाणी काही तासच असते. आठ होड्या एका संथ होडीसाठी थांबत राहिल्या, तर शेवटच्या टप्प्यात पाणी उतरेल आणि सगळ्यांनाच होड्या ओढाव्या लागतील. एकासाठी आठांनी का थांबायचे? शेवटी आमच्यासोबत येणाऱ्या सरांनी एवढेच विचारले, "त्याला खुणा येतात का? आडोसा घेता येतो का?" दोन्ही येत होते. "मग तो येईल. आणि चाल त्याची राहील." वाद मिटला, पण माझ्या मनात तो पुरता मिटला नव्हता. मलाही ओल्या कपड्यांनिशी गोट्यांवरून होडी ओढण्याची हौस नव्हती.

पाणी आल्यानंतर थोड्या वेळाने आम्ही निघालो. पहिल्याच टप्प्यात खळाळामागून खळाळ. दुसऱ्या खळाळात प्रथम वर्षाच्या एका मुलीची कयाक आडवी होऊन उलटली. ती शिकवल्याप्रमाणे होडीतून बाहेर निसटली, उताणी झाली, पाय खालच्या दिशेला केले आणि वाहू लागली. माझ्या छातीत धस्स झाले. पण आमची कनू तिच्या बरीच वर होती आणि आम्ही कितीही जोर केला असता तरी तिला गाठू शकलो नसतो, कारण ज्या पाण्यावर आम्ही होतो त्याच पाण्यावर तीही होती. तिला गाठण्याची गरजही पडली नाही. खळाळ संपतो तेथे दोन होड्या आडोशात थांबलेल्या होत्या. एकीने पुढे होऊन तिला आपल्या होडीचे टोक धरायला दिले आणि काठाला आणले. दुसरीने तिची होडी अडवली. वल्हे शेवटी मिळाले. क्रम हाच असतो : आधी माणूस, मग होडी, मग वल्हे.

पुढे दोनेक किलोमीटरवर दुसरा प्रसंग घडला. आमचा अर्थशास्त्री एका वळणावर वेगात आत शिरला आणि त्याची कयाक मधल्या खडकावर आडवी जाऊन टेकली. अशा वेळी अंगाची स्वाभाविक ओढ खडकापासून दूर झुकण्याची असते, आणि तेच घातक. दूर झुकले की होडीची वरची कड पाण्याखाली जाते, पाणी तिच्यावर चढते आणि होडी उलटून खडकाला चिकटते. खडकाच्या अंगावर रेलायचे, त्याला मिठी मारायची, हा नियम. त्याने तो पाळला. त्याच्या हातातले वल्हे गेले. पण तो दोन्ही हातांनी खडक कवटाळून राहिला. होडी मात्र हलेना. पाण्याचा रेटा तिला खडकावर दाबून धरत होता.

त्या क्षणी नदीचा एक साधा नियम माझ्या ध्यानात आला. पुढे गेलेले सहा जण, ज्यांत आम्हीही होतो, अवघ्या पन्नास फुटांवर आडोशात उभे होतो, आणि त्याच्यासाठी काहीही करू शकत नव्हतो. त्या प्रवाहाविरुद्ध पन्नास फूट वर जाणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. त्याच्यापर्यंत पोचू शकत होते ते फक्त मागे राहिलेले दोघे : शेवटच्या होडीतले सर, आणि त्यांच्या पुढे रमतगमत येणारा आमचा तत्त्वज्ञ.

त्या दोघांनी काय केले ते आम्ही खालून पाहिले. तत्त्वज्ञाने वळणाच्या वरच एका आडोशात होडी घातली, शिट्टी तीनदा वाजवली आणि वल्हे डोक्यावर आडवे धरले. त्याच्यामागून ती मोठी राफ्ट येत होती. आठ-दहा माणसांची ती जड होडी ऐन वळणावर थांबवणे शक्य नसते. ती सरळ अडकलेल्या कयाकवर गेली असती. खूण दिसताच गावच्या तरुणांनी तिला वरच काठाला लावले. सर खडकाच्या बाजूने खाली आले, वळून त्याच खडकाच्या आडोशात शिरले, आणि तेथून दोर टाकून त्यांनी कयाकचे टोक ओढले. एका टोकावरचा रेटा कमी झाला की होडी आपोआप फिरते. तशी ती फिरली आणि खडकावरून सुटली. त्याचे वल्हे तोपर्यंत वाहत आमच्याकडे आले होते. ते माझ्या मैत्रिणीने हात लांब करून धरले. हा सगळा प्रकार फार तर दहा मिनिटांचा असेल.

वाहत जाणाऱ्याला पुढचे धरतात. अडकलेल्याला मागचे सोडवतात. ताफ्याच्या शिस्तीचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. रस्त्यावर पुढे गेलेला माणूस मागे वळून येऊ शकतो. नदीत ते नाही. मागे राहिलेला म्हणजे ओझे, असा आपला समज असतो. पण नदीत आपण अडकलो तर आपल्यापर्यंत पोचू शकेल असा तोच एक असतो. बैठकीत विचारलेल्या 'एकासाठी आठांनी का थांबायचे' या प्रश्नाचे उत्तर दयाबुद्धीत शोधायचे कारण नाही. ते पाण्याच्या दिशेत आहे.

अर्थात हिशेब चुकता झालाच. दोनदा थांबल्यामुळे उशीर झाला आणि पाणी खरोखरच उतरले. खालच्या बाजूला नदी रुंद आणि शांत होते. एरव्ही तेथे वल्हे मांडीवर ठेवून काठचे बगळे आणि खंड्या पाहत जावे. आम्ही मात्र शेवटचा पाऊण किलोमीटर होड्या गोट्यांवरून ओढत नेल्या. अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान एकाच होडीला हात लावून चालले होते. दोघांत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही; अर्थशास्त्रज्ञाचा अंदाज अचूक ठरला होता एवढे मात्र त्याने सर्वांना दोनदा ऐकवले.

गावात एका घरी तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि शाकाहारी मंडळींसाठी वालाची उसळ असे जेवण होते. माझी मैत्रीण नेहमी बडबडी. पण त्या दिवशी ती गप्पगप्प होती. थकली असेल असे मला वाटले. परतताना दुपारच्या उन्हात ताम्हिणी घाट चढून आलो आणि मुळशीचा जलाशय प्रथमच नीट दिसला, निळा आणि विस्तीर्ण. तेव्हा ती म्हणाली, "आमचं मूळ गाव हे. म्हणजे याच्या खाली. खापरपणजोबांची भातखाचरं होती. आजी सांगायची, आंबेमोहोर पिकायचा." मग थोड्या वेळाने, "आज दिवसभर हेच पाणी होतं, नाही का?"

इतिहासाच्या पुस्तकात मुळशी सत्याग्रहाचा परिच्छेद आम्ही दोघींनीही वाचला होता. धरणासाठी जमिनी घेण्याविरुद्ध मुळशी पेट्यातील मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला; विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले; याच लढ्याने बापटांना 'सेनापती' हे नाव मिळाले. १९२४ पर्यंत लढा ओसरला, धरण पुरे झाले आणि गावे पाण्याखाली गेली. धरणग्रस्तांच्या संघटित लढ्यांतील हा जगातला एक अगदी आरंभीचा लढा मानतात. परीक्षेत यावर पाच गुणांची टीप येते. मीही ती लिहिली होती. पण त्या टिपेतल्या पाण्यावर बसून मी दिवसभर हसतखेळत गेले, आणि माझ्या मागे बसून होडीला दिशा देणारी मुलगी त्या गावांची होती, हे पाठ्यपुस्तक सांगू शकत नव्हते.

यावरून कुंडलिकेवर जाऊ नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. ती स्वतः पुन्हा येणार आहे. पुढच्या वेळी मागे मी बसेन आणि पुढे ती, असे ठरलेही आहे. नदीकाठच्या गावांतील तरुणांना या पाण्याने काम दिले आहे, भाताच्या एका हंगामानंतर मुंबईची वाट धरावी लागणाऱ्या मुलुखात ही लहान गोष्ट नव्हे. मुंबईचे दिवेही त्यावर लागतात. सांगायचे आहे ते इतकेच की, हे पाणी कोठून आले हे जाणून त्यावर होडी घालावी. ताफ्यात ज्याने त्याने मागच्या होडीकडे पाहायचे असते. तसेच नदीच्याही मागे पाहावे. जो मागे राहिला, जे मागे बुडाले, त्याच्याशी आपला संबंध तुटलेला नसतो.

असो. नदी आपोआप खाली वाहते हे खरेच आहे. शिकायचे असते ते थांबायला. थांबायला आडोसा ओळखावा लागतो, आडोसा ओळखायला पाणी वाचावे लागते आणि पाणी वाचायला एक वर्ष तलावात कंटाळा येईपर्यंत वल्हे मारावे लागते. नव्या वर्षाचा सराव पावसाळा संपल्यावर सुरू होईल. ज्यांना वेग आहे त्यांनी यावे. ज्यांना तो नाही त्यांनी अवश्य यावे. पोहणे मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतच शिकून घ्यावे.